अनोळखी इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा लावावा: ‘ऑब्व्हिएट’ घेऊन पायरीपायरीने

काही दिवसांपूर्वी एका आरोग्यविषयक माहितीपत्रकाचं भाषांतर तपासायला माझ्याकडे आलं. मूळ इंग्रजी वाक्य होतं, ‘अर्ली डिटेक्शन मे ऑब्व्हिएट द नीड फॉर सर्जरी.’ त्याचं मराठी केलं होतं, ‘लवकर निदान झाल्यास शस्त्रक्रियेची गरज स्पष्ट होऊ शकते.’

मूळ वाक्य याच्या नेमकं उलट सांगतं. आजार लवकर कळला तर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही, असं तिथे म्हटलं आहे. मराठी वाक्य मात्र इतकं सुरळीत आणि शुद्ध होतं की, मूळ समोर न ठेवता वाचणाऱ्याला शंकाही आली नसती. एका क्रियापदाच्या चुकीमुळे रुग्णाच्या हातात उलटा सल्ला पडला असता.

चूक कशी झाली ते लगेच कळतं. ‘ऑब्व्हिएट’ दिसलं, त्यावरून ‘ऑब्व्हियस’ आठवलं, ‘ऑब्व्हियस’ म्हणजे उघड, म्हणून ‘ऑब्व्हिएट’ म्हणजे उघड करणं. हाच प्रकार विद्यार्थ्यांच्या वह्यांत, कार्यालयीन मसुद्यांत आणि तांत्रिक पुस्तिकांत मला वारंवार दिसतो. पूर्ण अनोळखी शब्द आला तर माणूस निदान कोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द आला की तेही करत नाही.

म्हणून हे एकच क्रियापद घेऊन पूर्ण पद्धत सांगते. याच क्रमाने गेलात तर दुसऱ्या कुठल्याही दुर्मीळ क्रियापदाला ती लागू पडेल. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक चुका माहिती नसल्यामुळे होत नाहीत, शेवटची पायरी आधी केल्यामुळे होतात.

तयारी

शब्द एकटा घेऊन बसू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य पूर्ण लिहून घ्या, आणि त्याच्या मागचं-पुढचं एकेक वाक्यही. स्पेलिंग एकेका अक्षराने तपासा. आपल्या शब्दाचं आहे ओ, बी, व्ही, आय, ए, टी, ई. घाईत वाचणाऱ्यांनी याला ‘डीव्हिएट’ वाचल्याचंही मी पाहिलं आहे.

तीन कोश हाताशी ठेवा. पहिला, शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिजचा चालेल. दुसरा, शब्दाची व्युत्पत्ती देणारा मोठा कोश, उदाहरणार्थ मेरियम-वेबस्टर. तिसरा इंग्रजी-मराठी कोश, जो तुम्हाला आठव्या टप्प्यापर्यंत उघडायचा नाही.

*इशारा:* भाषांतर करणाऱ्या ॲपमध्ये सुटा शब्द टाकून सुरुवात करू नका. तिथून तीन-चार मराठी शब्द मिळतील, त्यातला सगळ्यात ओळखीचा मनात घट्ट बसेल, आणि पुढचं सगळं वाचन तुम्ही त्या शब्दाला सांभाळून घेत कराल.

टप्पा १: मूळ रूपापर्यंत या

वाक्यात शब्द मूळ रूपात क्वचितच सापडतो. ‘ऑब्व्हिएट्स’, ‘ऑब्व्हिएटेड’, ‘ऑब्व्हिएटिंग’ ही सगळी एकाच क्रियापदाची रूपं. ‘आयएनजी’ लागताना शेवटचा ‘ई’ गळतो, एवढं लक्षात ठेवलं की कोशात शोधता येतं.

उच्चार इथेच करून घ्या. आघात पहिल्या अवयवावर: ऑब-व्हि-एट. इंग्रजीत ‘एटीई’ने संपणाऱ्या क्रियापदाच्या शेवटी साधारणपणे स्वच्छ ‘एट’ ऐकू येतं, तर त्याच स्पेलिंगच्या नामात किंवा विशेषणात ते आखडून ‘इट’सारखं होतं. ‘सेपरेट’ किंवा ‘मॉडरेट’ हे शब्द दोन्ही प्रकारे ऐकून बघा, फरक कळेल. ‘ऑब्व्हिएट’ फक्त क्रियापदच आहे, त्यामुळे इथे एकच उच्चार.

टप्पा २: कोश न उघडता वाक्याचा सांगाडा मांडा

वहीत तीन प्रश्न लिहा आणि वाक्यातूनच उत्तरं काढा.

कर्ता काय आहे? आपल्या वाक्यात ‘अर्ली डिटेक्शन’, म्हणजे लवकर झालेलं निदान. माणूस नाही.

कर्म काय आहे? ‘द नीड फॉर सर्जरी’, शस्त्रक्रियेची गरज.

क्रियापदाला काही चिकटलं आहे का? ‘मे’ आहे, म्हणजे शक्यता. ‘नॉट’ नाही.

आता क्रियापदाच्या जागी रेघ मारून मराठी वाक्य लिहा: ‘लवकर निदानामुळे शस्त्रक्रियेची गरज ______ शकते.’ रेघेवर काय बसेल? ‘वाढू’, ‘टळू’, ‘स्पष्ट होऊ’, ‘संपू’ असे सगळे शब्द लिहून काढा, आवडता एकच नको. मग मागचं-पुढचं वाक्य वाचा. त्या पत्रकात पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं की, बऱ्याच रुग्णांना नुसत्या औषधांवर बरं वाटतं. एवढ्यानेच ‘स्पष्ट होऊ’ आणि ‘वाढू’ बाद व्हायला हवे होते.

*तपासणी:* या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे निदान दोन पर्यायी अंदाज असले पाहिजेत. एकच असेल तर तो अंदाज नसून तुमचा आग्रह आहे. पुन्हा वाक्याकडे जा.

टप्पा ३: कोशातली नोंद पूर्ण वाचा

आता लर्नर्स कोश उघडा. व्याख्येवरून नजर फिरवून कोश मिटण्याची सवय मोडायला हवी. नोंदीत चार गोष्टी पाहायच्या असतात.

एक, क्रियापद सकर्मक की अकर्मक. ‘ऑब्व्हिएट’ सकर्मक आहे. त्याला कर्म लागतंच. ‘द प्रॉब्लेम ऑब्व्हिएटेड’ असं नुसतं म्हणता येत नाही.

दोन, ‘फॉर्मल’ किंवा ‘आर्केइक’ अशी खूण. आपल्या शब्दाला ‘फॉर्मल’ मिळेल, म्हणजे हा लिखाणातला, औपचारिक शब्द आहे.

तीन, व्याख्या. लर्नर्स कोशात ‘अडचण किंवा गरज दूर करणं’ एवढंच मिळेल, म्हणून मेरियम-वेबस्टरमधलीही वाचा. तिथे दोन धागे दिसतील: अडचण उद्भवण्याआधीच तिची वाट बंद करणं, आणि एखादी कृती अनावश्यक करून टाकणं. दोन्हींत ‘आधीच’ हा भाव आहे. तो वहीत ठळक लिहा, पुढे पुन्हा पुन्हा लागेल.

चार, उदाहरण. व्याख्येपेक्षा त्यात जास्त असतं, कारण शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते तिथेच दिसतं.

*इशारा:* पहिला क्रमांक म्हणजे आजचा मुख्य अर्थ, असं धरून चालू नका. लर्नर्स कोशात सर्वाधिक चालणारा अर्थ साधारणपणे आधी येतो. मोठ्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत आणि मेरियम-वेबस्टरमध्ये मात्र अर्थांचा क्रम ऐतिहासिक असतो, जुना अर्थ आधी. ‘प्रिव्हेंट’सारख्या रोजच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी येणं, पुढे जाणं’ असा होता. आजच्या वाक्यात तो बसवला तर सगळंच बिघडेल. आपल्या शब्दाला अर्थांचा मोठा पसारा नाही म्हणून इथे वाचलो, सगळ्याच क्रियापदांत ही सोय नसते.

टप्पा ४: व्युत्पत्ती पाहा, पण तिच्या आहारी जाऊ नका

इथे मी जरा थांबणार आहे. आपल्याकडे ‘मूळ धातू ओळखा, अर्थ आपोआप कळेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्यानेच माहितीपत्रकातली चूक घडवली.

‘ऑब्व्हिएट’ लॅटिनमधून आला. ‘ऑब’ म्हणजे समोर, विरुद्ध. ‘व्हिया’ म्हणजे वाट. त्यातून झालेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ वाटेत समोर जाणं, आडवं जाणं. येणाऱ्या अडचणीला वाटेतच गाठायचं आणि तिथूनच परत पाठवायचं. दारापर्यंत ती येतच नाही. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की व्याख्येतला ‘आधीच’ कायमचा लक्षात राहतो.

आता ‘ऑब्व्हियस’ बघा. तोही त्याच ‘ऑब’ आणि ‘व्हिया’चा, पण त्याने दुसरी दिशा धरली. वाटेत समोरच पडलेली वस्तू शोधावी लागत नाही, आपसूक दिसते, म्हणून ‘उघड’. एकाच घरातली दोन भावंडं. एक वाटेत आडवा जाऊन थांबवतो, दुसरा वाटेत समोर असल्यामुळे दिसतो. नातं खरं आहे, पण अर्थ एक नाही.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायला नको. संस्कृत शिकताना आपण ऐकलेलं असतं:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडे नेतो. आहार आणि संहार यांचं मूळ एकच, म्हणून कुणी एकाचा अर्थ दुसऱ्याला लावत नाही. मराठीत न करणारी चूक आपण इंग्रजीत करतो, कारण तिथे शब्दांची रोजची संगत नसते. आणि त्या श्लोकातला शेवटचा ‘परिहार’ हा आपल्या ‘ऑब्व्हिएट’च्या अर्थाच्या बराच जवळ येतो, हा छान योगायोग आहे.

व्युत्पत्तीमुळे होणारी दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. ‘आडवं जाणं’ हे चित्र पक्कं बसलं की काहीजण ‘ऑब्व्हिएट’ हा ‘अडथळा आणणं’ या अर्थी वापरायला लागतात. ‘पावसाने काम ऑब्व्हिएट केलं’, म्हणजे अडवलं, अशा धर्तीचं वाक्य होतं. ते चूक आहे. आज हा शब्द नको असलेल्या गोष्टीच्या आडवा जातो: अडचण, धोका, खर्च, गरज. चांगलं चाललेलं काम तो रोखत नाही.

*तपासणी:* व्युत्पत्तीवरून काढलेला अर्थ आणि कोशातली व्याख्या शेजारी लिहा. दोन्हींत फरक दिसला तर नेहमी व्याख्या खरी. व्युत्पत्ती शब्द लक्षात ठेवायला मदत करते, अर्थ ठरवत नाही.

टप्पा ५: नात्यातले शब्द तीन ढिगांत टाका

सगळ्यात जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो. ‘संबंधित शब्द’ म्हणून जी यादी केली जाते तिच्यात थेट बनलेली रूपं, दूरचे नातेवाईक आणि नुसते दिसायला सारखे शब्द एकत्र पडलेले असतात. वहीच्या पानावर तीन रकाने करा.

*पहिला ढीग: थेट रूपं.* क्रियापदाच्या चालवलेल्या रूपांखेरीज यात मुख्य शब्द एकच, ‘ऑब्व्हिएशन’ हे नाम. तो कोशात आहे, पण सहज वापरात फारसा नाही. इंग्रजी लिहिणारे नामाऐवजी क्रियापदानेच काम भागवतात. प्रत्येक क्रियापदाचं नाम, विशेषण, क्रियाविशेषण अशी चारी घरं भरलीच पाहिजेत, हा शाळेतल्या तक्त्याचा हट्ट इथे सोडा. रिकामं घर रिकामं ठेवा.

‘ऑब्व्हिएशन’ शोधायला गेलात तर एक विचित्र गोष्ट भेटेल: भाषाशास्त्र. उत्तर अमेरिकेतल्या क्री आणि ओजिब्वे यांसारख्या भाषांत वाक्यात दोन तृतीयपुरुष असतील तर त्यांतला महत्त्वाचा कोण आणि दुय्यम कोण हे शब्दाच्या रूपातूनच दाखवतात. दुय्यमाच्या रूपाला ‘ऑब्व्हिएटिव्ह’ म्हणतात, आणि या व्यवस्थेला ‘ऑब्व्हिएशन’. ही स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा आहे. तिला ‘निवारण’ म्हटलंत तर व्याकरणाचा तो सगळा परिच्छेद निरर्थक होईल. शोधताना लेख कुठल्या विषयाचा आहे ते आधी बघा.

*दुसरा ढीग: खरे नातेवाईक, पण अर्थ वेगळा.* ‘व्हिया’च्या वाटेने आलेले शब्द पुष्कळ आहेत. ‘डीव्हिएट’ म्हणजे वाट सोडून जाणं, विचलित होणं. त्याचाच सोबती ‘डीव्हियस’, म्हणजे सरळ वाटेने न जाणारा, म्हणून कपटी. ‘प्रीव्हियस’, वाटेत आधी गेलेला, म्हणून पूर्वीचा. ‘इम्पर्व्हियस’, ज्यातून वाट मिळत नाही असा, म्हणून अभेद्य. पाणी आत न झिरपणाऱ्या थराला हाच शब्द लावतात, आणि टीकेचा परिणाम न होणाऱ्या माणसालाही. ‘ट्रिव्हियल’मध्ये तीन वाटा एकत्र येण्याची जागा आहे; चव्हाट्यावरचं, म्हणून सामान्य, क्षुल्लक. ‘व्हायाडक्ट’ तर उघडच वाट वाहून नेणारा पूल.

सगळ्यात वाट आहे, पण एकाचा अर्थ दुसऱ्याला चालत नाही. या ढिगाचा उपयोग शब्द लक्षात ठेवण्यापुरता.

*तिसरा ढीग: नुसते दिसायला सारखे.* ‘अलीव्हिएट’ घ्या. शेवट तोच, पण त्यात वाट नाही. त्याचं मूळ ‘लेव्हिस’, म्हणजे हलका. वेदना हलकी करणं, म्हणून त्रास कमी करणं. ‘अब्रीव्हिएट’चं मूळ ‘ब्रेव्हिस’, आखूड. म्हणून संक्षेप करणं. ‘एव्हिएट’ हा विमान चालवण्याचा शब्द, त्यात ‘एव्हिस’ म्हणजे पक्षी आहे. शेवटची पाच अक्षरं जुळली म्हणून हे ‘ऑब्व्हिएट’चे कुणीही लागत नाहीत.

ढीग कसा ठरवायचा? पुढचा उपसर्ग झाकून उरलेला भाग बघा. ‘डीव्हिएट’मधला ‘डी’ झाकला की मागे ‘व्हिया’ सलग उरतो. ‘अब्रीव्हिएट’मध्ये मात्र ‘व्ही’ हे अक्षर मागच्या ‘ब्रेव्ह’चा भाग आहे, तिथे शब्द तोडताच येत नाही. तरी शंका राहिलीच तर मोठ्या कोशातली व्युत्पत्तीची ओळ वाचा, आपल्या कानावर भरवसा ठेवू नका.

*इशारा:* तिसऱ्या ढिगातला ‘अलीव्हिएट’ सर्वांत घातक, कारण तोही अडचणींच्याच वाक्यांत येतो. अडचण ‘अलीव्हिएट’ झाली म्हणजे सौम्य झाली, अजून आहे. ‘ऑब्व्हिएट’ झाली म्हणजे उद्भवलीच नाही.

टप्पा ६: शब्दाची संगत बघा

क्रियापद कुणासोबत राहतं ते कळल्याशिवाय त्याचा अर्थ पुरता कळत नाही. यासाठी भाषासंग्रह उपयोगी पडतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत आणि कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिशमध्ये १०० कोटींहून जास्त. तिथे शब्द टाकला की खऱ्या लिखाणातली वाक्यं ओळीने समोर येतात. वीस वाक्यं वाचा आणि फक्त कर्म लिहून काढा.

‘नीड’ वारंवार सापडेल. त्याच्या आसपास ‘नेसेसिटी’, ‘प्रॉब्लेम’, ‘डिफिकल्टी’, ‘रिस्क’ अशी मंडळी. माणूस कर्म म्हणून येत नाही. कर्त्याच्या जागी बहुधा एखादी व्यवस्था, उपाय, तरतूद, शोध किंवा तंत्र असतं.

‘ऑब्व्हिएट द नीड’ ही द्विरुक्ती आहे, कारण ‘अनावश्यक करणं’मध्ये गरज आलीच, असा आक्षेप काहीजण घेतात. मला तो पटत नाही. क्रियापदात ‘वाटेतच थांबवणं’ हा अर्थही आहे आणि गरज वाटेत थांबवता येते. लर्नर्स कोश स्वतः हीच जोडी उदाहरणात देतात. निर्धास्त वापरा.

टप्पा ७: शेजारच्या शब्दांपासून वेगळा करा

इंग्रजीत ‘टाळणं’च्या आसपास बरेच शब्द आहेत आणि मराठीत आपण सगळ्यांना ‘टाळणे’ म्हणून मोकळे होतो. ‘अव्हॉइड’मध्ये सहसा माणूस स्वतः बाजूला होतो, गोष्ट तिथेच असते. ‘प्रिव्हेंट’मध्ये गोष्ट घडू दिली जात नाही. ‘मिटिगेट’मध्ये ती घडते, पण तिची धार कमी होते. ‘एलिमिनेट’मध्ये असलेली गोष्ट काढून टाकली जाते.

‘प्रिक्लूड’शी गल्लत सर्वांत जास्त होते, म्हणून दोन शब्द पाठ करा: ‘प्रिक्लूड’ म्हणजे अशक्य करणं, ‘ऑब्व्हिएट’ म्हणजे अनावश्यक करणं. रुग्णाची प्रकृती इतकी नाजूक आहे की शस्त्रक्रिया करताच येत नाही, तिथे ‘प्रिक्लूड’. औषधानेच इतकं बरं वाटलं की शस्त्रक्रियेचं कारण उरलं नाही, तिथे ‘ऑब्व्हिएट’. दोन्हींत शस्त्रक्रिया होत नाही. पण एका घरात चिंता असते, दुसऱ्यात सुटका.

टप्पा ८: आता मराठीत आणा

इंग्रजी-मराठी कोश उघडायला आता हरकत नाही. ‘निवारण करणे’, ‘परिहार करणे’, ‘टाळणे’, ‘अनावश्यक ठरवणे’ असे शब्द विचारात घ्यायचे आहेत. ते चूक नाहीत, पण शब्दाच्या जागी शब्द ठेवलात तर वाक्य असं होईल: ‘नवी प्रणाली हस्तलिखित नोंदींची गरज निवारण करते.’ कुणी मराठी माणूस असं बोलत नाही.

अडचण शब्दाची नाही, वाक्याच्या बांधणीची आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तू कर्ता होऊन काहीतरी ‘करते’. मराठीत ती कारण होते. म्हणून पहिली कृती ही: इंग्रजी कर्त्याला ‘मुळे’ लावा. दुसरी: कर्माला मराठी वाक्याचा कर्ता करा. तिसरी: क्रियापदाच्या जागी ‘उरत नाही’, ‘भासत नाही’, ‘वेळच येत नाही’, ‘प्रश्नच येत नाही’ यांतलं बसेल ते घ्या.

‘नव्या प्रणालीमुळे नोंदी हाताने करण्याची गरजच उरत नाही.’

‘लवकर निदान झाल्यास शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही, अशी शक्यता असते.’

त्या ‘च’कडे बघा. ‘गरज उरत नाही’ आणि ‘गरजच उरत नाही’ यांत ‘ऑब्व्हिएट’चा सगळा ठसा त्या एका अक्षरात आहे. व्याख्येतला ‘आधीच’ मराठीत बहुतेक वेळा या ‘च’मधून येतो.

कर्म ‘रिस्क’ किंवा ‘डिफिकल्टी’ असेल तर ‘गरज’ चालणार नाही. तिथे ‘धोका उद्भवतच नाही’, ‘अडचण आधीच दूर होते’ असं घ्या. कायद्याच्या किंवा शासकीय मजकुरात ‘निवारण’ आणि ‘परिहार’ शोभतात, रोजच्या माहितीत ते जड होतात.

आता नकाराकडे या. कराराच्या मसुद्यांत आणि नियमावल्यांत हे क्रियापद बऱ्याचदा ‘डज नॉट’सह भेटतं. ‘अ व्हर्बल अप्रूव्हल डज नॉट ऑब्व्हिएट द नीड फॉर अ रिटन ॲग्रीमेंट.’ इथे घाईत दोन नकार एकमेकांत अडकतात. क्रियापदातच ‘गरज नाही’ आहे, त्यावर पुन्हा ‘नॉट’. म्हणजे गरज आहे. पण ‘लेखी कराराची गरज आहे’ एवढंच लिहिलंत तर तोंडी मंजुरीचा संबंध सुटतो. नीट वाक्य असं:

‘तोंडी मंजुरी मिळाली, म्हणून लेखी कराराची गरज संपत नाही.’

हा ‘म्हणून… संपत नाही’ साचा वहीत लिहून ठेवा. ‘मंजुरी असली तरी लेखी करार लागतोच’ हेही चालेल.

*तपासणी:* मराठी वाक्य तयार झालं की मूळ इंग्रजी झाका आणि फक्त एक प्रश्न विचारा: शेवटी ती गोष्ट करावी लागणार आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात लिहा. मग इंग्रजी उघडा आणि तोच प्रश्न त्याला विचारा. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. माहितीपत्रकातल्या वाक्याला हा प्रश्न विचारला असता तर चूक जागीच सापडली असती.

टप्पा ९: स्वतः इंग्रजीत वापरताना

कर्ता माणूस नसेल, कर्म नको असलेली गोष्ट असेल आणि मजकूर औपचारिक असेल, तरच वापरा. मित्राला पाठवायच्या निरोपात ‘यू वोन्ट नीड टू’ हे साधं वाक्य केव्हाही बरं. आणि ‘मी त्याला ऑब्व्हिएट केलं’ असं वाक्य मनात आलं तर थांबा; तिथे ‘अव्हॉइड’ हवा आहे.

सराव: हीच पद्धत ‘व्हिशिएट’वर

स्पेलिंग: व्ही, आय, टी, आय, ए, टी, ई. कायद्याच्या मजकुरात भेटणारं वाक्य घ्या: ‘फ्रॉड व्हिशिएट्स कन्सेंट.’

सांगाडा मांडा: कर्ता फसवणूक, कर्म संमती. रेघेवर काय बसेल? इथे ‘व्हायटल’ आणि ‘व्हिटॅमिन’ आठवतात, त्यांत लॅटिनमधलं जीवन आहे, आणि ‘जीव ओतणं’ असा अर्थ सुचतो. फसवणूक संमतीत जीव ओतेल का? सांगाडाच नाही म्हणतो. कोश सांगतो की मूळ ‘व्हिटियम’, म्हणजे दोष. खरे नातेवाईक ‘व्हाइस’ आणि ‘व्हिशस’. ‘व्हिटॅमिन’ तिसऱ्या ढिगात, आणि ‘ऑब्व्हिएट’सुद्धा, कारण इथेही शेवट फसवा आहे.

मराठीत आणताना कर्त्याला ‘मुळे’ लावा: ‘फसवणुकीमुळे संमती दूषित होते.’ सामान्य वाचकासाठी लिहायचं असेल तर ‘फसवून घेतलेली संमती ग्राह्य राहत नाही.’ झाकून विचारायचा प्रश्न इथे बदलतो: ती संमती अजून धरायची की नाही? दोन्ही वाक्यांचं उत्तर ‘नाही’ येतं, तेव्हा वहीतल्या पानावर बरोबरची खूण करा.